डोस कुठला मोजायचा?

पंचतारांकित म्हटलं की पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना हॉटेल आठवतं. माझ्या साडूंनी एकदा खरोखरच विचारलं होतं, जेवण बुफे असतं का म्हणून. असतं की, कँटीनला, रोज आमटी-भात. कोल्हापुरातून निपाणीच्या दिशेने निघायचं, लक्ष्मी टेकडीपाशी हायवे सोडून आत वळायचं, की आमची कागल पंचतारांकित एमआयडीसी लागते. कापड, सूत, इंजिनिअरिंग, फाउंड्र्या. त्यातल्या एका फाउंड्रीच्या लॅबमध्ये मी आहे. वितळलेल्या लोखंडाचा नमुना स्पेक्ट्रोवर ठेवायचा आणि कार्बन-सिलिकॉनचे आकडे फर्नेसवर कळवायचे, हे माझं काम. जीवशास्त्राशी असलेला संबंध दहावीत, बेडकाच्या आकृतीपाशीच संपला.

जून २०२३ मध्ये पर्सनलच्या साहेबांनी बोलावून घेतलं. "बूस्टरचा कॅम्प घ्यायचं चाललंय. पुण्याची नवी लस आलीय म्हणे. तुम्ही लॅबवाले, तुम्हाला केमिस्ट्री कळते. फर्स्ट शिफ्ट सुटताना पोरांना दहा मिनिटं समजावून सांगा." हातात एक कागद दिला. त्यावर तीन रकाने होते : नाव, टोकन नंबर, शंका. तिसरा रकाना कुणाच्या डोक्यातून आला कोण जाणे. पुढचे पंधरा दिवस त्यानेच माझी झोप घालवली.

लस होती जेमकोव्हॅक-ओएम. हिंजवडीच्या जिनोव्हा कंपनीची. याच कंपनीच्या आधीच्या लसीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली होती आणि भारतात तयार झालेली ती पहिली एमआरएनए लस ठरली. ही दुसरी ओमिक्रॉनसाठी खास बदललेली, बूस्टर म्हणून द्यायची. मी बातमी आदल्या रात्री वाचली आणि दुसऱ्या दिवशी टाईम ऑफिससमोर उभा राहून जशीच्या तशी म्हणून दाखवली : ही लस फ्रीजच्या साध्या थंडीत, २ ते ८ अंशांत टिकते, पावडर स्वरूपात येते, सुई न टोचता कातडीत देतात, आणि डोस अगदी थोडा पुरतो, कारण ती आत जाऊन स्वतःच्या प्रती काढते.

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला कळलेला नव्हता. तो कळला नाही हेही कळलेलं नव्हतं. ते कळलं फर्नेसवरच्या तात्यांमुळे. हे सांगावचे, तीस वर्षं धातूसमोर उभे राहिलेले.

"सायेब, म्हंजे दिलेला डोस येगळा आन् झालेला डोस येगळा. मग कागदावर कुठला लिवायचा?"

पाठीमागून कुणीतरी भर घातली, "आन् वाढायचं थांबतंय कवा?"

मी म्हणालो, उद्या सांगतो.

पहिला गोंधळ आकड्याचा होता. या लसीचा डोस १० मायक्रोग्रॅम. आमच्या लॅबचा तराजू चार दशांश दाखवतो, म्हणजे ०.१ मिलिग्रॅमपर्यंत. ते १०० मायक्रोग्रॅम झाले. अख्खा डोस त्या तराजूवर ठेवला तर काटा शून्यावरच राहील. एका डोसची दखल घेण्याइतकाही तो बारीक नाही. मग मी इतरांचे आकडे मांडून बसलो. फायझरची लस ३० मायक्रोग्रॅम. मॉडर्नाचे पहिले दोन डोस १०० मायक्रोग्रॅमचे. आपल्याकडची झायकोव्ह-डी, जी डीएनएची होती आणि तीही सुईविना द्यायची, तिचा प्रत्येक डोस २ मिलिग्रॅम, म्हणजे २००० मायक्रोग्रॅम, आणि असे तीन. कागदावर उतरंड काढली : २०००, १००, ३०, १०. मला वाटलं उत्तर सापडलं. डोस कमी म्हणजे त्रास कमी. बाजारातल्या तिखटासारखं, चमचा लहान, घाम कमी.

रात्री भाचीला फोन केला. ती पुण्यात बायोटेक शिकते. माझी उतरंड ऐकून ती क्षणभर गप्प बसली. "मामा, तू बियाण्याच्या पुड्या आणि धान्याची पोती एकाच काट्यावर घालतोयस."

साध्या एमआरएनए लसीत, ती म्हणाली, जेवढ्या चिठ्ठ्या टोचल्या तेवढ्याच. पेशी त्या वाचते, विषाणूच्या काट्याचं प्रथिन बनवते, चिठ्ठ्या विरतात. या नव्या जातीत चिठ्ठीसोबत झेरॉक्स मशीनचा आराखडाही असतो. पेशी आधी ते मशीन बनवते आणि मशीन मग चिठ्ठीच्या प्रती काढत सुटतं. म्हणून हा आरएनए लांबलचकही असतो. साध्या लसीत साधारण चार हजार अक्षरं, इथे दहा हजारांच्या आसपास, कारण मशीनचा आराखडाच मोठा. म्हणजे वजनाने तुलना केली तरी ती फसवी. १० मायक्रोग्रॅममध्ये चिठ्ठ्यांची संख्या साध्या लसीच्या १० मायक्रोग्रॅमपेक्षा कमीच भरते.

"आणि मशीन आणलं कुठून?" मी विचारलं.

"अल्फाव्हायरसमधून. तुझ्या ओळखीचा आहे. चिकुनगुनिया त्याच घराण्यातला."

हे मी शॉपवर सांगायचं नाही असं तिथल्या तिथे ठरवलं. २००६ साली आमच्याकडे घरंच्या घरं चिकुनगुनियाने वाकून चालत होती. माझी आई दाराच्या चौकटीला धरून उठायची. चिकुनगुनियाच्या भाऊबंदाचं मशीन दंडात घालतात म्हटलं असतं, तर शिफ्ट सुटायच्या आत गेटवर कुणी उरलं नसतं. (शेवटी सांगितलंच, लपवून ठेवलेली गोष्ट एमआयडीसीत दोन दिवससुद्धा टिकत नाही.)

प्रत्यक्षात या कामासाठी बहुतेक वेळा त्याच घराण्यातला दुसरा विषाणू वापरतात, व्हेनेझुएलातल्या घोड्यांच्या मेंदूज्वराचा. त्याची प्रती काढणारी जनुकं तेवढी ठेवायची; अंगावरचं कवच बनवणारी काढून टाकायची आणि त्या जागी कोरोनाच्या काट्याचा मजकूर बसवायचा. कवचच नाही म्हटल्यावर प्रती पेशीबाहेर पडून दुसऱ्या पेशीत शिरू शकत नाहीत. विषाणू तयारच होत नाही. पुढे जपानमध्ये याच जातीच्या लसीवरून लोक घाबरले, टोचलेल्या माणसापासून शेजारच्याला बाधा होईल म्हणून २०२४ मध्ये तिथे बराच गदारोळ झाला, ते फॉरवर्ड मलाही आले. पण तोवर मला निदान एवढं ठाऊक होतं, की इंजिन आहे पण चाकं काढून ठेवलेली आहेत.

दुसऱ्या दिवशी मी झेरॉक्सचा दाखला दिला. कँटीनच्या मावशी लांबून ऐकत होत्या. त्या म्हणाल्या, "असं इरजणासारखं म्हणा की. चमचाभर लावलं की पातेलं लागतंय."

सगळ्यांना पटलं. मलाही फार आवडलं. आणि तिथेच मी दुसऱ्यांदा फसलो. विरजण थांबत नाही. आजच्या दह्यातलं उद्याच्या दुधाला, उद्याच्यातलं परवाच्या; मावशींच्या सासूबाईंपासूनचं विरजण आजही चालू असेल. तात्यांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. "मग आंबट हुईस्तवर वाढणार?"

उत्तर माझ्याच खात्यात पडलं होतं, हे लक्षात यायला आणखी चार दिवस लागले.

फाउंड्रीत आम्ही रोज इनॉक्युलेशन करतो. शब्द तोच. वितळलेलं लोखंड लॅडलमध्ये घेतलं की त्यात फेरोसिलिकॉनचे बारीक दाणे टाकतो. पाचशे किलो धातूला दीड किलोच्या आसपास. ते दाणे धातूत ग्राफाइट जमायला जागा करून देतात. नाही टाकले तर कास्टिंग पांढरं, ठिसूळ, मशीनवर टूल मोडणारं निघतं. दीड किलोचा परिणाम पाचशे किलोवर. पण दाणे टाकल्यापासून घड्याळ सुरू होतं. आठ-दहा मिनिटांत ओतलं नाही तर गुण उतरतो. आम्ही त्याला 'फेडिंग' म्हणतो. तात्या लॅडलकडे न बघता घड्याळाकडे का बघतात, याचं कारण तेच.

म्हणजे थोडक्या मात्रेने खूप काम करणारी आणि तरीही आपोआप ओसरणारी वस्तू आम्ही रोज हाताळत होतो. ती का ओसरते हे मला धातूत माहीत होतं. पेशीत कशामुळे, ते भाचीकडून समजून घेतलं, आणि इथे माझ्या समजुतीची खरी उलथापालथ झाली.

आरएनएच्या प्रती निघताना मध्येच त्याची दुहेरी दोरी तयार होते. पेशीच्या दृष्टीने दुहेरी दोरी म्हणजे घरात विषाणू शिरल्याची खूण. पेशीत त्यासाठी पहारेकरी नेमलेले आहेत. ते ओरडतात. पेशी इंटरफेरॉन सोडते, शेजारच्या पेशींना सावध करते आणि स्वतःचा प्रथिनांचा कारखानाच बंद करून टाकते. कारखाना बंद, म्हणजे मशीन बंद, प्रती बंद. पुढे ती पेशीही उरत नाही. उंदरांवरच्या प्रयोगांत साध्या एमआरएनएचं प्रथिन काही दिवसांत ओसरतं, या जातीचं काही आठवडे दिसतं. पण ओसरतं.

आणि तोच इंटरफेरॉन अंगात फिरला की माणसाला काय होतं? कणकण, अंगदुखी, थंडी वाजून ताप.

मी फोन कानाला तसाच धरून उभा राहिलो. म्हणजे डोस किती आणि त्रास किती, हे कागदावरचे दोन वेगळे रकाने नव्हतेच. ब्रेक लागल्याचा आवाज म्हणजेच ताप. ब्रेक लवकर लागला तर प्रती कमी, प्रथिन कमी, लस फिकी. उशिरा लागला तर काम जास्त. आणि आपण जे मोजून दिलं ते फक्त किल्ली फिरवण्यापुरतं. गाडी किती पळाली हे ज्याच्या त्याच्या पेशी ठरवणार.

आजीच्या सहाणेवर हेमगर्भाची मात्रा उगाळताना किती वेढे द्यायचे यावर घरात वाद व्हायचे. पाच वेढे म्हणजे पाच वेढे. इथे वेढे मोजता येतात, पण उगाळणारा हात रोग्याच्या आत आहे.

"मग साध्या एमआरएनएला हा पहारा नडत नाही?" मी विचारलं.

नडायचा, ती म्हणाली. कॅटालिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी आरएनएमधलं एक अक्षर किंचित बदललं, तेव्हा पहारेकऱ्यांनी ओरडणं कमी केलं. (त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये त्यांना नोबेल मिळालं तेव्हा मी कँटीनमध्ये ही बातमी घरच्या लग्नासारखी सांगितली.) पण ती युक्ती इथे सरळ चालत नाही. टोचलेली चिठ्ठी बदललेल्या अक्षरांत लिहिता येईल. प्रती मात्र पेशीच्या घरातल्याच कच्च्या मालाने निघणार, साध्या अक्षरांत. शिवाय काही बदललेली अक्षरं प्रती काढणाऱ्या मशीनलाच वाचता येत नाहीत.

म्हणूनच डोस ठरवणं हे या लसीत कुलूप उघडण्यासारखं नाजूक आहे. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजने २०२० मध्ये अशीच एक लस माणसांना दिली, ०.१ मायक्रोग्रॅमपासून सुरू करून १० पर्यंत. ०.१! म्हणजे फायझरच्या डोसचा तीनशेवा हिस्सा. इतक्या कमीनेही काही जणांत प्रतिपिंडं दिसली, आणि वरच्या मात्रेलाही सगळ्यांत दिसली नाहीत. सरळ पट्टीने रेघ ओढणाऱ्या माझ्यासारख्याला हा आलेख पचला नाही. साध्या एमआरएनएमध्ये निदान वरचं टोक कळतं : फायझर-बायोएनटेकने सुरुवातीला १०, ३० आणि १०० मायक्रोग्रॅम देऊन पाहिले, १०० च्या गटात पहिल्याच डोसला त्रास इतका दिसला की त्यांना दुसरा दिलाच नाही, आणि शेवटी ३० वर गाडी थांबली.

पुढे जपानने नोव्हेंबर २०२३ मध्ये याच जातीची जी लस मंजूर केली, तिचा डोस ५ मायक्रोग्रॅम. तिची तुलना बूस्टर म्हणून फायझरच्या ३० शी केली, तेव्हा प्रतिपिंडं कमी पडली नाहीत. सहावा हिस्सा डोस, म्हणून त्रासही सहावा हिस्सा? नाही. दंड दुखणं, थकवा, अंगदुखी, ताप यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, आणि बहुतेक सौम्य, दोन-चार दिवसांत जाणारं. माझी तिखटाची उतरंड मी फाडून टाकली.

हे नंतरचं. त्या वेळी तिसऱ्या बैठकीला आठच माणसं उरली होती, पण प्रश्न तेव्हाच सगळ्यात चांगले आले. मोल्डिंगमधल्या एका पोराने विचारलं, "ज्याला ताप आला न्हाई त्याला लस लागलीच न्हाई, असंच की?"

क्षणभर मला वाटलं, हो, माझ्याच हिशोबाने तसंच निघतं. पण तसं नाही. ताप हा आवाज आहे, आणि एकच दार लावलं तरी कुणाच्या घरी धाडकन वाजतं, कुणाच्या घरी ऐकूही येत नाही. ज्यांना काही झालं नाही अशांच्या रक्तातही प्रतिपिंडं सापडतात. ताप म्हणजे पावती नव्हे. आमच्या आजीच्या दंडावर देवी काढल्याचे दोन गोल व्रण होते, ती पावतीसारखे दाखवायची. त्या पिढीचा हा हिशोब आमच्या डोक्यात अजून आहे. १८९७ च्या जानेवारीत मुंबईत हाफकिन यांनी आपली प्लेगची लस आधी स्वतःलाच टोचून घेतली, १० मिलिलिटर, आणि तापाने फणफणले. तेव्हापासून ताप आणि लस यांची जोडी या मुलखात पक्की बसलीय.

"मग आदीच तापाची गोळी घेऊन जाऊ?" त्यालाही नाही. ताप आला, अंग दुखलं तर पॅरासिटामॉल घ्यावी. आधीच घेऊन ठेवायची नाही, हा लसीकरणातला सर्वसाधारण सल्ला. टोचल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. आधी कुठल्या लसीने अंगावर पित्त उठलं असेल, श्वास लागला असेल, तर टोचायच्या आधी सांगायचं. गरोदर बाईने, हृदयाची गोळी चालू असलेल्याने आमच्यासारख्या लोखंडवाल्याला विचारायचं नाही, डॉक्टरला विचारायचं. हे मी तीनदा सांगितलं, तरी शेवटी एकाने रक्त पातळ करायच्या गोळीचं मलाच विचारलं.

सुई नाही, याचं मात्र सगळ्यांना अप्रूप. स्प्रिंगच्या जोराने द्रवाची केसासारखी धार कातडीच्या थरात जाते, ०.१ मिलिलिटर. डिझेल पंपाच्या नोझलसारखं म्हटल्यावर मेंटेनन्सवाले खूश. कातडीत पहारेकरी पेशी दाट असतात, म्हणून थोडक्यात काम होतं. पण त्यामुळेच तिथे लाली, खाज, गाठ दिसू शकते. स्नायूत खोल टोचलेल्याची सूज आत लपते, इथे डोळ्यांसमोर असते.

राहता राहिला दुर्मीळ त्रासाचा प्रश्न, आणि तो तात्यांचाच. "किती जणांवर बघितलंय?"

ओमिक्रॉनच्या या बूस्टरची चाचणी साधारण तीन हजार माणसांत झाली, त्यातल्या काहींना तुलनेसाठी कोव्हिशिल्ड. गंभीर काळजीचं काही दिसलं नाही, असं मी म्हणालो आणि म्हणता म्हणता थांबलो, कारण हे माझ्या धंद्यातलं होतं. तीन हजार कास्टिंग तपासली, एकही क्रॅक सापडला नाही, म्हणजे क्रॅकचं प्रमाण शून्य, असं गिऱ्हाइकाला मी कधी लिहून देत नाही. नमुन्याचा एक साधा नियम आहे : शून्य सापडलं तरी तीन भागिले नमुना, एवढं प्रमाण असू शकतं. तीन हजारांत शून्य म्हणजे हजारात एकापर्यंत काहीही असू शकतं. फायझरच्या मोठ्या चाचणीत चाळीस हजारांवर लोक होते, तरी तरुण मुलांमधली हृदयाच्या स्नायूची सूज त्यात कळली नाही. कोट्यवधी डोस गेल्यावर लाखांत मोजण्याइतकी ती दिसली. म्हणजे मोठ्या चाचणीलाही जे दिसत नाही, ते पुढच्या नोंदींत दिसतं, आणि नोंद करायची तर कुणीतरी 'मला हे झालं' म्हणून सांगावं लागतं.

हे बोलताना पर्सनलचे साहेब मागे उभे होते. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही लसीची जाहिरात करताय का भीती घालताय?" मी काहीच बोललो नाही. मला वाटतं, त्या दिवशी पहिल्यांदा त्या आठ जणांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता.

कॅम्प झालाच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मे महिन्यातच आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं होतं, कोरोनाचं नाव कुणाला ऐकायचं नव्हतं, आणि कागदावर चारच नावं पडली होती. चार नावांसाठी कोण येणार टोचायला? ती लस आम्ही कुणी बघितलीही नाही.

गणपतीत भाची कागलला आली तेव्हा तिला फाउंड्री दाखवायला नेलं. मेल्टिंगला हीट निघत होती. तात्यांनी डब्यातला इनॉक्युलंट लॅडलच्या धारेत सोडला, घड्याळाकडे बघितलं. ती हरखली. "हे काटा करून टाकत नाहीत?"

"डबा मापाचा हाय," तात्या म्हणाले.

"आणि किती काम झालं ते कसं कळतं?"

तात्यांनी माझ्याकडे बोट केलं. मी त्याच धातूचा वेज, म्हणजे पाचरीच्या आकाराचा नमुना, ओतून घेतला, पाण्यात विझवला, हातोड्याने मोडला आणि तुटलेल्या टोकाला किती पांढरं राहिलंय ते तिला दाखवलं.